रीइश्यू सोल सिंगल जमवणारे इथे कोणी आहे का?

सातइंची

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं वर्षभर मनात होतं. संगीत विभागात जुन्या रेकॉर्डींवर भरभरून लिहिणारे आहेत, पण चर्चा बहुतेक वेळा हिंदी चित्रपटांच्या एलपींभोवती राहते. मी जमवते त्या सात इंची, ४५ फेऱ्यांच्या सिंगल. त्याही साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन सोल संगीताच्या (म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यांच्या), आणि त्यातही ओरिजिनल नव्हे, पुन्हा काढलेल्या. वाट अरुंद आहे, म्हणूनच सोबती शोधतेय.

मी बोल्टनला राहते, मँचेस्टरजवळ. इथे आले तेव्हा सोल म्हणजे मला फार तर मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीची आठ-दहा गाणी माहीत होती. आमच्या हॉस्पिटलात एक पोर्टर होते, आता निवृत्त झालेत. ट्रॉली नेताना सतत काही ना काही गुणगुणत. एकदा विचारलं, काय गाताय? तर भर कॉरिडॉरमध्ये त्यांनी एक गिरकी घेऊन दाखवली. सतरा वर्षांचे असल्यापासून ते विगन कॅसिनोला जायचे. नाव कॅसिनो, पण जुगाराशी संबंध नाही. तो एक जुना बॉलरूम होता. २३ सप्टेंबर १९७३ ला तिथली पहिली ऑलनायटर झाली आणि ६ डिसेंबर १९८१ ला शेवटची. मध्यरात्र उलटल्यावर दारं उघडायची, सकाळी आठपर्यंत नाच. गिरण्या-कारखान्यांतली पोरं आठवडाभर राबून शनिवारी रात्री बसने, ट्रेनने तिथे पोचायची. शेवटची तीन गाणी ठरलेली असायची, 'थ्री बिफोर एट' म्हणायचे त्यांना. ती सांगताना या पोर्टरकाकांचा आवाज अजून बदलतो.

या सगळ्याला नॉर्दर्न सोल म्हणतात. गाणी अमेरिकेची, डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसची. 'नॉर्दर्न' आहे ते इंग्लंडचं उत्तर. हे नाव डेव्ह गॉडिन यांनी दिलं. लंडनमध्ये त्यांचं सोल सिटी नावाचं दुकान होतं. फुटबॉलच्या सामन्यासाठी लंडनला आलेले उत्तरेकडचे लोक तिथे येऊन जुनी, जलद ठेक्याची सोलच मागत. तेव्हा त्यांनी दुकानातल्या लोकांना सोपं जावं म्हणून हा शब्द वापरला, आणि १९७० मध्ये आपल्या सदरात तो छापला.

या लोकांना हिट गाणी नको होती. अमेरिकेत आपटलेली गाणी हवी होती. एखाद्या छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, पाचशे-हजार प्रती काढल्या, रेडिओने वाजवल्या नाहीत, खोकी गोदामात गेली. ती खोकी शोधायला इंग्लंडमधले डीजे अमेरिकेला जायचे. आणि जी तबकडी तिथे कोणी उचलली नव्हती, तिच्यावर इथे हजारो लोक नाचायचे.

काकांनी मला दिलेली पहिली रेकॉर्ड म्हणजे फ्रँक विल्सन यांचं 'डू आय लव्ह यू'. १९६५ ची ओरिजिनल मोटाउनच्या 'सोल' या उपलेबलवर निघायची होती. विल्सन यांनी गायक होण्यापेक्षा निर्माता होणं पत्करलं, आणि तयार प्रती जवळपास सगळ्या नष्ट झाल्या. कित्येक वर्षं जगात दोनच प्रती माहीत होत्या. त्यातली एक २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली, आणि २०२० मध्ये एका प्रतीला एक लाख पौंड आले. माझ्याकडची अर्थातच ती नाही. माझ्याकडची १९७९ ची ब्रिटिश टॅमला मोटाउनची आहे. काकांनी ती तेव्हा नवी घेतली होती आणि त्यांच्या नाचाने ती पार झिजली आहे. मला ती कुठल्याही लाखमोलाच्या प्रतीइतकीच प्रिय आहे.

आता धागा काढायचं निमित्त. गेल्या महिन्यात एका सोल नाइटला गेले होते. बाहेर रेकॉर्डींची टेबलं लागतात. माझ्या पिशवीतल्या सिंगल बघून एक विक्रेता म्हणाला, ही काय रेकॉर्ड आहे, ही तर झेरॉक्स. मला ते लागलं. मी रीइश्यू घेते ते केवळ स्वस्त म्हणून घेत नाही. माझं मत असं की परवाना घेऊन, नीट टेपवरून काढलेली रीइश्यू या संगीताच्या बाबतीत दुय्यम नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि खरी-खोटी कशी ओळखता?

जुनी_सुई

धागा वाचनखूण म्हणून साठवला. सोलमधलं मला काही कळत नाही, पण ४५ च्या तबकड्या घरात भरपूर आहेत. वडिलांनी जमवलेल्या भावगीतांच्या ईपी. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात रविवारी सकाळी त्या लागायच्या, आणि बाजू उलटायचं काम माझं.

ताई, तुम्ही रागावू नका, पण माझा कल त्या विक्रेत्याकडे थोडासा झुकतो. झेरॉक्स म्हणणं उद्धटपणा झाला, मान्य. तरीही पहिली छपाई ती पहिली. त्या वेळच्या माणसांनी, त्या वेळच्या यंत्रांवर, गाणं ताजं असताना कोरलेली ती खाच. नंतर काढलेली कितीही स्वच्छ असली तरी त्यात तो काळ नसतो. वडिलांच्या एका ईपीच्या कव्हरवर त्यांनी शाईने तारीख आणि दुकानाचं नाव लिहिलंय. नव्या प्रतीत ते कुठून येणार?

दोन प्रश्न. एक, रीइश्यू मूळ टेपवरून काढतात की जुन्या रेकॉर्डवरून? दोन, या अमेरिकन सिंगलना मध्ये एवढं मोठं भोक का असतं?

सातइंची

रागवायचं कशाला, काका! तुमच्या वडिलांच्या हस्ताक्षरापुढे माझा काही युक्तिवाद चालणार नाही, आणि चालवायचाही नाही.

भोकाचं आधी सांगते. ४५ ची सात इंची तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणली. त्यांच्या प्लेअरचा दांडा जाड होता, म्हणून भोक साधारण ३८ मिलिमीटरचं. ज्यूकबॉक्सलाही तेच सोयीचं पडलं आणि अमेरिकेत ते कायम झालं. ब्रिटनमध्ये भोक लहान ठेवून मधला तुकडा हवा तर तोडता येईल अशी सोय असायची. नेहमीच्या टर्नटेबलवर मोठ्या भोकाची रेकॉर्ड लावायची तर मध्ये प्लास्टिकचा एक छोटा अडॅप्टर बसवतात. काही रुपयांची वस्तू, पण नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.

टेपचा प्रश्न तुम्ही मर्मावरच विचारलात. चांगली लेबलं मास्टर टेप शोधतात. टेप जळालेली, हरवलेली किंवा पुसून परत वापरलेली असेल तर चांगल्यात चांगली रेकॉर्ड मिळवून तिच्यावरून उतरवतात, आणि प्रामाणिक असतील तर तसं सांगतात. बुटलेगवाले, म्हणजे परवान्याविना चोरून छापणारे, कुठल्याही खरखरीत प्रतीवरून उतरवतात आणि वरचे सूर कापून खरखर दाबतात. ऐकताना झांजेचा आवाज ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा येतो. एकदा फरक कानाला कळला की मग फसायला होत नाही.

ओहायोकर

सातइंची, मनापासून धन्यवाद. मी कोलंबसला राहतो आणि ज्या गोष्टीबद्दल लिहिणार आहे ती माझ्या घरापासून काही मैलांवर घडली. आम्हा इथल्या मराठी मंडळींपैकी कोणालाच ती ठाऊक नव्हती. मलाही नव्हती.

बिल मॉस म्हणून इथे रेडिओवर डीजे होते. त्यांनी १९७० मध्ये कॅपसोल नावाचं लेबल सुरू केलं. गायक गावातलेच. मॅरियन ब्लॅक, फोर मिंट्स, जॉन्सन-हॉकिन्स-टेटम अँड डर. शेवटच्या गटाचं नाव वकिलांच्या कचेरीसारखं वाटतं, पण त्यांचं 'यू कान्ट ब्लेम मी' ऐका. चार आवाज असे एकमेकांत मिसळतात की कुठला कोणाचा ते सांगता येत नाही. थोड्या सिंगल निघाल्या, गावात वाजल्या, देशभर पोचल्या नाहीत आणि काही वर्षांत लेबल बंद पडलं. मॉस पुढे इथल्या शाळांच्या मंडळावर निवडून गेले.

२००३ मध्ये शिकागोत न्यूमेरो ग्रुप सुरू झाला. त्यांनी सगळ्यात पहिलं काढलं ते हेच, २००४ मध्ये, 'एक्सेंट्रिक सोल: द कॅपसोल लेबल'. आज त्यांची 'एक्सेंट्रिक सोल' मालिका जगभर माहीत आहे आणि तिची सुरुवात आमच्या या शांत गावापासून झाली. मॉस २००५ मध्ये वारले. म्हणजे आपलं काम पुन्हा बाहेर आलेलं त्यांनी पाहिलं. माझ्यासाठी तुमच्या वादाचा निकाल इथेच लागतो. ओरिजिनल प्रत एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे हजार डॉलरला गेली तर बिल मॉसना काय मिळतं? रीइश्यू निघाली तेव्हा लोक त्यांच्या दारी आले, कागदावर सह्या झाल्या, पुस्तिकेत गायकांचे फोटो छापले.

अवांतर: मॅरियन ब्लॅक यांचं 'हू नोज' मी आधी ऐकलं ते आरजेडीटू या कोलंबसच्याच निर्मात्याच्या २००२ च्या 'स्मोक अँड मिरर्स'मध्ये, तुकड्याच्या रूपात. मूळ गाणं आपल्याच गावचं आहे हे पुढे पाच वर्षांनी कळलं.

स्टोककर

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. कोणीतरी लिहायला हवं.

स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये गेली एकोणीस वर्षं आहे. इथल्या टन्स्टॉलमध्ये गोल्डन टॉर्च होता. विगनच्या आधी, १९७२-७३ मध्ये, ऑलनायटरचं मोठं ठिकाण तेच. मेजर लान्स नावाचे अमेरिकन सोल गायक तिथे गाऊन गेले आणि त्या रात्रीचा लाइव्ह अल्बमही निघाला. मी स्वतः लहान सोल नाइट्सना रेकॉर्डी लावतो. आमच्यात एक नियम आहे, ओव्हीओ म्हणतात, म्हणजे फक्त ओरिजिनल व्हायनल. डीजेने रीइश्यू, बुटलेग, सीडी यातलं काहीही लावायचं नाही.

बाहेरच्याला हा पैशाचा माज वाटतो. तसा नाही. सत्तरच्या दशकात डीजे महिनोन्‌महिने खोकी उपसायचे, एक गाणं शोधायचे आणि तबकडीच्या मधल्या लेबलवर कोरा कागद चिकटवून भलत्याच नावाने लावायचे, म्हणजे दुसऱ्या डीजेला ते मिळू नये. याला कव्हर-अप म्हणतात. त्या एका गाण्यासाठी लोक शंभर मैलांवरून येत. नाचायला येणारा माणूस त्या शोधाचे पैसे देत होता. मी घरी बसून बारा पौंडांची रीइश्यू मागवून तेच गाणं लावलं, तर ज्याने तीस वर्षं शोधून ओरिजिनल मिळवली त्याच्या कष्टाचं मी काय केलं?

आणि शोध अजून संपलेला नाही. डॅरेल बँक्स यांच्या 'ओपन द डोअर टू युअर हार्ट'ची 'लंडन' नावाच्या लेबलवरची ब्रिटिश प्रत विक्रीला गेलीच नाही अशी सगळ्यांची समजूत होती. २०१४ मध्ये एक सापडली आणि १४,५४३ पौंडांना गेली. त्या बातमीनंतर मी माझ्या शेजारच्या सगळ्या धर्मादाय दुकानांच्या खोक्यांत परत एकदा हात घातला. हा थरार रीइश्यूत नाही.

घरी ऐकायला कोणी काहीही घ्यावं. पण मंचावर लावायला ओरिजिनलच.

सातइंची

स्टोककर, तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला वजन आलं. शोधाचा मान ठेवायचा, हे शंभर टक्के मान्य. डीजेच्या मंचावर तुमचा नियम मला पटतो. तो खेळाचा नियम आहे आणि खेळणाऱ्यांनी मिळून ठरवलाय.

पण ओरिजिनल हाच या संगीताचा एकमेव खरा देह, असं कोणी म्हटलं की मी इतिहासाकडे बोट दाखवते. टॅम्स या गटाचं 'हे गर्ल डोन्ट बॉदर मी' १९६४ चं. सात वर्षांनी उत्तरेतल्या क्लबांत ते इतकं वाजलं की ब्रिटनमध्ये पुन्हा काढावं लागलं आणि सप्टेंबर १९७१ मध्ये ते इथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आर. डीन टेलर यांचं 'देअर्स अ घोस्ट इन माय हाउस' १९६७ मध्ये आपटलं, १९७४ मध्ये पुन्हा निघालं आणि तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. विगन भरात असतानाच हे होत होतं. 'पाय' (Pye) या रेकॉर्ड कंपनीने १९७४ मध्ये डिस्को डिमांड ही खास मालिका काढली, १९७७ मध्ये ग्रेपव्हाइन लेबल आलं, ते रीइश्यूसाठीच. शनिवारी नाचलेलं गाणं सोमवारी दुकानात जाऊन पन्नास-साठ पेन्सला घेणारी ती पोरं होती. माझे पोर्टरकाका त्यातलेच. त्यांच्या खोक्यात चार-पाच ओरिजिनल आहेत, बाकी सगळ्या रीइश्यू. मग त्यांचं नॉर्दर्न सोल कमी खरं का?

आणि एक उदाहरण तर ओरिजिनल या शब्दालाच अडचणीत आणतं. केंट हे एस रेकॉर्ड्सचं लेबल १९८२ पासून एडी क्रोसडेल सांभाळतात. जुन्या कंपन्यांच्या टेपा ऐकताना त्यांना साठच्या दशकात ध्वनिमुद्रित होऊन कधीच न निघालेली गाणी सापडली. मेल्बा मूर यांचं 'द मॅजिक टच' त्यातलं. वीसेक वर्षं ते टेपवर पडून होतं, ऐंशीच्या दशकात केंटने बाहेर काढलं आणि आज ते या नाचाच्या मोठ्या गाण्यांत मोजलं जातं. आता याची साठच्या दशकातली ओरिजिनल कुठून आणणार?

स्टोककर

मॅजिक टचचं बरोबर आहे. त्याची पहिली केंट प्रत आम्ही ओरिजिनलच मानतो आणि लावतो. मुद्दा नोंदवला.

शुक्रवारचा_बाजार

मुंबईहून. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे जो बाजार भरतो तिथला मी नेमाचा माणूस. हिंदी ईपी, क्वचित एखादी परदेशी सिंगल. सोलकडे वळलो ते दोन वर्षांपूर्वी, आणि पहिल्याच खरेदीत फसलो. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून १९६६ ची डेट्रॉइटची 'ओरिजिनल' सिंगल मागवली. रीइश्यूच्या आठपट किंमत, वर टपाल, वर कस्टमची ड्यूटी. घरी आल्यावर आवाज बसका. लेबलचा रंग फोटोत बरोबर दिसत होता, पण हातात घेतल्यावर अक्षरांच्या कडा फुटलेल्या. इथे दादरच्या एका जुन्या जाणकाराला दाखवली, त्यांनी नखाने हलकेच टिचकी मारली आणि म्हणाले, ही खोटी. कसं ओळखलं ते मात्र मला नीट कळलं नाही. कोणी सांगेल का? पैसे गेले ते गेले, पुढच्या वेळी डोळे उघडे हवेत.

ओहायोकर

टिचकीचं उत्तर मी देतो, कारण ही आमच्याकडची गोष्ट आहे.

अमेरिकेत त्या काळी बऱ्याच सिंगल व्हायनलच्या नसत, पॉलिस्टायरीनच्या असत. व्हायनलची लगदी दाबून रेकॉर्ड बनवतात. स्टायरीन वितळवून साच्यात सोडतात. काम झटपट आणि स्वस्त. लॉस एंजेलिसची मोनार्क ही त्यातली मोठी फॅक्टरी. तिच्या रेकॉर्डींवर, खाचा संपून लेबल सुरू होतं त्या गुळगुळीत पट्ट्यात, छोटा त्रिकोण आणि आकडा असतो. स्टायरीन कडक असतं, त्यावर टिचकी मारली की टणक, उंच आवाज येतो. व्हायनलचा आवाज मऊ, बसका. स्टायरीनवर लेबल नंतर चिकटवलेलं असतं, व्हायनलवर ते दाबतानाच बसतं. तुमच्या त्या गृहस्थांना माहीत असणार की हे गाणं स्टायरीनवरच निघालं होतं, आणि तुमची प्रत व्हायनल निघाली.

पण यावर डोळे झाकून विसंबू नका. एकच सिंगल पूर्व किनाऱ्यावर एका फॅक्टरीत व्हायनलवर आणि पश्चिमेला दुसरीकडे स्टायरीनवर निघाल्याची भरपूर उदाहरणं आहेत. म्हणून त्या गुळगुळीत पट्ट्यातले आकडे वाचायचे. ओरिजिनलमध्ये ते कुठे ठशाने उमटवलेले, कुठे हाताने खरवडलेले, हे जाणकारांनी गाणं-गाणं नोंदून ठेवलंय. विकणाऱ्याकडे त्या पट्ट्याचा स्पष्ट फोटो मागा. टाळाटाळ केली तर सौदा सोडा.

स्टायरीनचा दुसरा धडा: ते लवकर झिजतं. झिजलेल्या सुईने दहा वेळा वाजवलं की वरचे सूर गेलेच. डीजे गाण्याची सुरुवात पकडायला रेकॉर्ड मागेपुढे करतात, तेवढ्या भागात भाजल्यासारखी खरखर येते. म्हणजे साठ वर्षांची, शंभर वेळा वाजलेली स्टायरीन ओरिजिनल आणि टेपवरून नीट काढलेली व्हायनल रीइश्यू शेजारी ठेवल्या, तर गायकाचा आवाज बहुधा दुसरीत जास्त जवळून ऐकू येईल. जुनी_सुई काका, काळ पहिलीत आहे हे मान्य. पण गाणारी व्यक्ती दुसरीत जास्त आहे.

दोन_बाजू

मी कॉपीराइटच्या कामात आहे, म्हणून थोडं. वर परवाना हा शब्द बऱ्याचदा आला, पण बाजारात तीन प्रकार आहेत, दोन नव्हेत.

पहिला, ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून रीतसर परवाना घेतलेला. दुसरा, सरळ चोरी. तिसरा मधला. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पूर्वी ५० वर्षं होतं. २०१३ मध्ये ते ७० वर्षं झालं, पण ज्यांचं संरक्षण तोवर संपलं होतं त्यांना ते परत मिळालं नाही. त्यामुळे १९६२ किंवा त्याआधी बाहेर आलेली ध्वनिमुद्रणं तिथे कोणीही काढू शकतं. गीतकार-संगीतकाराचे हक्क वेगळे, त्यांचे पैसे द्यावेच लागतात. पण गायकाला किंवा लेबलला विचारायची सक्ती नाही. अमेरिकेत उलट आहे. २०१८ च्या कायद्याने १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधल्या ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे. म्हणजे १९६१ ची एखादी सिंगल लंडनमध्ये परवान्याविना कायदेशीर, आणि न्यूयॉर्कमध्ये नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं आहेत.

म्हणून 'कायदेशीर आहे का' एवढंच विचारणं पुरत नाही. मी लेबलवरची आणि कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचतो. 'अमुक यांच्या परवान्याने' असं नाव घेऊन लिहिलंय का? नसेल, आणि कंपनीचा पत्ताही नसेल, तर मी घेत नाही.

सातइंची

दोन_बाजू, हे फार उपयोगी. एडी फॉस्टरची गोष्ट यात नेमकी बसते. फ्रँक विल्सन यांचं ते गाणं सत्तरच्या दशकात आधी बुटलेग म्हणून पसरलं, आणि लेबलवर गायकाचं नाव होतं एडी फॉस्टर. विगनमध्ये लोक जिवाच्या आकांताने ज्यावर नाचत होते, त्या गाण्यावर ज्याने ते गायलं त्याचंच नाव नव्हतं. १९७९ ला टॅमला मोटाउनने रीतसर काढलं तेव्हा लेबलवर फ्रँक विल्सन छापलं गेलं. कव्हर-अपची गंमत मला कळते, स्टोककर. पण गाणाऱ्याचं नाव परत मिळवून देणं, हेही रीइश्यूचं काम आहे, आणि माझ्या लेखी ते सगळ्यात मोठं.

नवी_ऐकणारी

धागा एका बैठकीत वाचला. नागपूरला राहते, घरात टर्नटेबल नुकताच आलाय. सुरुवात कुठून करू? आणि पावसाळ्यात रेकॉर्डींना बुरशी येते म्हणतात, ते खरं का?

जुनी_सुई

बुरशीचं मी सांगतो, यात माझी हयात गेली आहे. खरंच येते, पुण्यात येते, कोकणात तर विचारू नका. आधी कागदी पाकीट धरतं, मग खाचांत पांढरे ठिपके. उपाय: जुनी कागदी पाकिटं बदलून पॉलिथिनचं अस्तर असलेली घ्यावीत. मऊ पीव्हीसीची चकचकीत कव्हरं नकोत, वर्षानुवर्षं चिकटून राहिली की तबकडीवर धुरकट डाग सोडतात. रेकॉर्डी उभ्या ठेवा, भिंतीला टेकून नकोत, बाहेरची भिंत ओल धरते. आलीच बुरशी तर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर, खाचांच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत. लेबल भिजू द्यायचं नाही. सावलीत उभी वाळवा. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र खिडकीजवळ नको, वाकडी होईल.

सातइंची

सुरुवात म्हणाल तर केंट आणि आउटा साइट या दोन ब्रिटिश लेबलांच्या सिंगल बघा. सोल ब्रदरकडे थोडा नंतरचा, सत्तरच्या दशकाचा मऊ आवाज मिळेल. न्यूमेरोबद्दल ओहायोकरांनी लिहिलंच आहे. टपाल महाग पडतं, म्हणून एकेक मागवू नका, चार-पाच मिळून घ्या. आणि एकच घ्यायची असेल तर दोन्ही बाजू नाचाच्या असतील अशी निवडा. रीइश्यूवाले बऱ्याचदा दोन वेगळ्या दुर्मिळ सिंगलच्या बाजू एकत्र आणतात, हा त्यांचा फायदा.

ओहायोकर

यात भर: नव्याने ध्वनिमुद्रित केलेली सोलही ४५ वर निघते हे विसरू नका. इथून दीड-दोन तासांवर लव्हलँडला कोलमाइन रेकॉर्ड्स आहे, त्यांचं स्वतःचं दुकानही तिथेच. ड्युरँड जोन्स अँड द इंडिकेशन्स यांचा पहिला अल्बम त्यांनी २०१६ मध्ये काढला. त्याच सिनसिनाटी भागात ब्रूस्टर अ‍ॅव्हेन्यूवर सिड नेथन यांच्या किंग रेकॉर्ड्समध्ये ध्वनिमुद्रण, छपाई आणि रवानगी एकाच छपराखाली व्हायची. जेम्स ब्राउन यांच्या रेकॉर्डी तिथून निघाल्या. मी एका शनिवारी दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. आधी किंगच्या इमारतीसमोर उभा राहिलो, मग लव्हलँडला जाऊन नवी सिंगल घेतली.

शुक्रवारचा_बाजार

नवी मुंबईत २०२४ मध्ये व्हायनल छापायचा कारखाना सुरू झालाय. एखादं युरोपी किंवा अमेरिकी लेबल इथे छपाईला आलं तर आपलं टपाल आणि ड्यूटी दोन्ही वाचेल. मनात ठेवून आहे.

त्या खोट्या रेकॉर्डचं काय करू? फेकवत नाही. गाणं चांगलं आहे.

स्टोककर

ठेवा, पण कव्हरवर पेन्सिलने 'बुटलेग' लिहून ठेवा. उद्या तुमच्यानंतर ती कोणाच्या हाती पडली तर तो फसायला नको.

जुनी_सुई

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. ओहायोकरांनी सांगितलेल्या त्या चार गायकांची न्यूमेरोची सिंगल मुलाने मागवून दिली. काल आली. मोठ्या भोकाची निघाली आणि अडॅप्टर घरात नव्हता. जाड पुठ्ठ्याची चकती कापली, मध्ये नेमकं छिद्र पाडलं, तासभर गेला. बरोबर मध्यावर बसेपर्यंत सूर डुलत होता.

बसला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. सलग सहा वेळा ऐकली. तिसऱ्या खेपेला बायको उठून आली आणि खुर्ची ओढून बसली. इंग्रजी शब्द आम्हा दोघांना निम्मेच कळले.

कव्हरवर शाईने तारीख घातली आहे, वडील घालायचे तशी. दुकानाच्या जागी काय लिहावं कळेना, म्हणून 'कोलंबस, ओहायो' लिहिलं.

ओहायोकर

काका, अडॅप्टर पाठवतोय. दोन पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.